फवाऱ्यातील धातू, फुफ्फुसातील दाह
अतिसूक्ष्म धातुकण श्वासावाटे आत गेल्यावर काय घडते आणि शेतात कोणती दक्षता घ्यावी

१९६९ साली पोर्तुगालमधील दोन वैद्यकीय संशोधकांनी ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात एका नव्या व्यवसायजन्य रोगाची नोंद केली. रुग्ण दोन होते, दोघेही ग्रामीण मजूर, आणि दोघांचे काम एकच: द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी. त्यांच्या फुफ्फुसांत गाठीसदृश दाहक पेशीपुंज आढळले आणि त्या पेशींच्या आत तांबे साठलेले दिसले. गिनीपिग प्राण्यांना हेच मिश्रण श्वासावाटे दिले असता त्यांच्या फुफ्फुसांतही तशाच गाठी निर्माण झाल्या. या रोगाला ‘द्राक्षबागेतील फवारणीकाराचे फुफ्फुस’ असे नाव मिळाले.

बोर्डो मिश्रण भारतीय शेतकऱ्याला परके नाही. नाशिक-सांगलीची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे आणि कोकण, गोवा व कर्नाटकातील सुपारीच्या बागा यांच्या रोगव्यवस्थापनात मोरचूद व चुन्याचे हे मिश्रण अनेक पिढ्या वापरात आहे. आता त्यात नव्या निविष्ठांची भर पडत आहे. नॅनो युरिया २०२१ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला, पुढे नॅनो डीएपी आला, आणि जस्त व तांबे या धातूंची नॅनोरूपातील द्रावणेही येऊ लागली आहेत. चांदी, तांबे व जस्त यांच्या नॅनोकणांचा रोग-किडींविरुद्ध उपयोग करण्याबाबत अनेक प्रयोगशाळांत संशोधन सुरू आहे. कमी मात्रेत अधिक परिणाम हे या तंत्राचे बलस्थान आहे. तथापि, ज्या सूक्ष्मतेमुळे हे कण पानावर प्रभावी ठरतात, तीच सूक्ष्मता फुफ्फुसात वेगळे प्रश्न निर्माण करते. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे.

किती लहान आणि कोठवर पोहोचतात?

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आकार घटला की पृष्ठभाग किती वाढतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे भरतो. वजन तेच, पण रासायनिक क्रियेसाठी उघडे पडलेले क्षेत्र दहा लाख पटींनी अधिक.

फुफ्फुसाची रचनाही विस्तीर्ण आहे. दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात आणि त्यांचा अंतर्गत पृष्ठभाग पाऊण ते एक गुंठा भरेल एवढा असतो. हवा आणि रक्त यांमधील पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. नाक, घसा व श्वासनलिका ही या कोमल प्रदेशाची राखण करतात. १० मायक्रोमीटरहून मोठे कण बहुतांशी नाका-घशातच अडकतात. श्वासनलिकांतील चिकट स्राव आणि त्याला वर ढकलणारे सूक्ष्म रोम अडकलेली धूळ साधारण एका दिवसात बाहेर काढतात. वायुकोशांत मात्र असे रोम नसतात. सुमारे २० नॅनोमीटर आकाराचे कण श्वासात घेतल्यास त्यांपैकी जवळपास निम्मे थेट वायुकोशांत जाऊन बसतात, असे श्वसनमार्गाची गणिती प्रतिमाने दर्शवतात. न विरघळणारे कण तेथे महिनोन्‌महिने राहू शकतात.

नॅनो द्रावणे पातळ स्वरूपात असतात, मग त्यांतील कण श्वासात कसे येतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर फवाऱ्याच्या थेंबात दडलेले आहे. पाठीवरच्या पंपाच्या नोझलमधून निघणारे बहुतेक थेंब १०० मायक्रोमीटरहून मोठे असतात आणि ते लवकर खाली बसतात. तथापि प्रत्येक फवाऱ्यात बारीक थेंबांचा काही अंश असतोच; ब्लोअर आणि धुके निर्माण करणाऱ्या यंत्रांत तो अधिक असतो. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्के असताना ५० मायक्रोमीटरचा पाण्याचा थेंब सुमारे चार सेकंदांतच सुकून जातो. पाणी उडून जाते, पण त्यातील घन पदार्थ उरतो. थेंबाच्या आकारमानात घन पदार्थ हजारात एक भाग असेल, तर ५० मायक्रोमीटरच्या थेंबातून सुमारे ५ मायक्रोमीटरचा कोरडा कण शिल्लक राहतो. हा कण हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर खोलवर जाऊ शकतो. नॅनोकण एकएकटे न जाता अशा पुंजक्यांच्या रूपाने फुफ्फुसात पोहोचतात, आणि तेथील द्रवात तसेच पेशींच्या आत त्यांच्यावर पुढील क्रिया घडते. दुपारच्या कोरड्या उन्हात केलेली फवारणी पिकासाठी निष्फळ आणि माणसासाठी अपायकारक का ठरते, याचे कारण या साध्या हिशेबात आहे.

वायुकोशातील राखणदार

वायुकोशांत रोम नसले तरी तेथे राखणदार असतात. बृहद्‌भक्षक पेशी पृष्ठभागावर सरपटत फिरतात आणि आलेला कण किंवा जंतू गिळतात. गिळलेला पदार्थ ज्या पिशवीत जातो, तिच्यातील द्रव आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ४.५ ते ५ च्या आसपास असतो. जंतू मारण्यासाठी ही योजना उत्तम आहे. परंतु झिंक ऑक्साइड किंवा कॉपर ऑक्साइडचा कण या आम्लात पडला की तो विरघळू लागतो आणि पेशीच्या पोटातच जस्त किंवा तांब्याच्या आयनांचा पूर येतो. एरवी पेशी आपल्या आवरणातून धातूचे आयन मोजून-मापून आत घेते. कणाच्या रूपाने आलेला धातू हा पहारा चुकवून आत शिरतो. ज्या क्रियेने पेशी शत्रूचा नाश करते, त्याच क्रियेने येथे ती स्वतःच्या घरात विष मोकळे करते.

तांब्यासारखा धातू इलेक्ट्रॉनांची देवघेव सहज करतो. त्यामुळे पेशीत नेहमी निर्माण होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अत्यंत क्रियाशील ऑक्सिजन-मूलके तयार होतात. ही मूलके मेद, प्रथिने आणि डीएनए यांवर हल्ला करतात. या अवस्थेला ऑक्सिडीकरणजन्य ताण म्हणतात, आणि पेशीतील पुढील सारे संदेशवहन येथून सुरू होते.

पेशीच्या आतील संदेशवहन

कॅलिफोर्निया विद्यापीठातील आंद्रे नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताणाच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत. त्या समजल्या म्हणजे मात्रेचे महत्त्व आपोआप लक्षात येते.

पहिली पायरी बचावाची. ताण सौम्य असताना एनआरएफ-२ नावाचे प्रथिन जागे होते. एरवी ते केॲप-१ या दुसऱ्या प्रथिनाला, दाव्याला बांधलेल्या बैलासारखे, बांधलेले असते. ऑक्सिजन-मूलकांमुळे हे दावे सुटते, एनआरएफ-२ पेशीकेंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोनसारखे संरक्षक पदार्थ बनवणारी जनुके चालू करते. येथवर पेशी स्वतःला सावरू शकते.

दुसरी पायरी दाहाची. बचाव अपुरा पडला की एनएफ-कप्पा-बी हा संदेशवाहक मोकळा होतो. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो प्रथम ओळखला. त्यालाही आय-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाने रोखून धरलेले असते. ताण वाढल्यावर हे रोधक प्रथिन नष्ट केले जाते. एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ अशा दाहकारक संदेश-प्रथिनांची निर्मिती सुरू होते. त्याच सुमारास एमएपी-कायनेज ही संदेशशृंखलाही कार्यरत होते. कण गिळलेली पिशवी फुटल्यास एनएलआरपी-३ नावाचा प्रथिनसमूह जुळून येतो आणि इंटरल्यूकिन-१-बीटा हे तीव्र दाहकारक प्रथिन बाहेर सोडले जाते. या साऱ्या संदेशांना प्रतिसाद देत रक्तातील न्यूट्रोफिल पेशी वायुकोशांत गर्दी करतात. जंतू नसतानाही युद्धाची तयारी होते, आणि त्या युद्धातील शस्त्रे स्वतःच्याच ऊतींवर चालतात.

तिसरी पायरी पेशीमृत्यूची. मात्रा अधिकच वाढली तर पेशीची ऊर्जाकेंद्रे, म्हणजे तंतुकणिका, निकामी होतात आणि पेशी मरते. असा आघात एकदाच झाला तर ऊती भरून येतात. तो वारंवार होत राहिला तर दाह मुरतो आणि भरून येण्याच्या प्रयत्नात फुफ्फुसात तंतुमय, ताठर ऊती वाढू शकतात.

कीटक आणि माणूस: एकच गजर

कीटकशास्त्राच्या अभ्यासकांना या संदेशशृंखलेची ओळख जुनीच आहे. कीटकाला फुफ्फुसे नसतात. तो शरीराच्या बाजूच्या श्वासरंध्रांतून आणि आतील श्वासनलिकांच्या जाळ्यातून हवा घेतो. तरीही धोक्याची सूचना देणारी त्याची अंतर्गत व्यवस्था माणसाच्या व्यवस्थेशी नाते सांगते. स्ट्रासबर्ग येथील ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवून दिले की, फळमाशीतील ‘टोल’ हे जनुक बिघडले तर ती बुरशीच्या संसर्गापुढे टिकत नाही. टोलकडून येणारा संदेश ज्या प्रथिनांपर्यंत पोहोचतो, ती एनएफ-कप्पा-बीच्याच कुळातील आहेत. या शोधाच्या परंपरेतील कार्याबद्दल हॉफमन यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शेतकरी जेव्हा बिव्हेरियासारखी मित्रबुरशी किडीवर फवारतो, तेव्हा किडीचे शरीर तिचा प्रतिकार करण्यासाठी याच प्रकारचा गजर वाजवते. फवारणाऱ्याच्या फुफ्फुसात धातुकण शिरले की तेथेही त्याच प्राचीन गजराचे मानवी रूप वाजते. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत ही यंत्रणा जंतू ओळखण्यासाठी घडली. मानवनिर्मित धातुकणासारख्या पाहुण्यासाठी तिच्याकडे वेगळे उत्तर नाही.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा

‘नॅनो’ या एका शब्दाखाली सर्व पदार्थ एकत्र बांधणे चुकीचे ठरेल. टायटॅनियम डायऑक्साइड फारसे विरघळत नाही. त्याचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागावर अवलंबून असतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांनी त्याच वजनाच्या २५० नॅनोमीटरच्या कणांपेक्षा अधिक दाह निर्माण केला. पृष्ठभागाच्या हिशेबाने तुलना केल्यावर दोन्हींचा परिणाम जुळून आला. याच कारणाने अमेरिकेच्या ‘निऑश’ या व्यवसाय-सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये कामाच्या जागेच्या हवेसाठी जाड टायटॅनियम डायऑक्साइडची मर्यादा दर घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म कणांची ०.३ मिलिग्रॅम सुचवली. पदार्थ एकच असताना मर्यादा आठ पटींनी कडक झाली.

तांबे अधिक उग्र. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये मानवी फुफ्फुसपेशींवर विविध धातू-ऑक्साइडांच्या नॅनोकणांची तुलना केली. पेशीमृत्यू आणि डीएनएची हानी या दोन्ही बाबतींत कॉपर ऑक्साइड सर्वांत घातक आढळले. बोर्डो मिश्रणातील कण नॅनोकण म्हणून तयार केलेले नसतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे; परंतु तांबे बृहद्‌भक्षक पेशीत पोहोचल्यानंतर काय होऊ शकते, हे पोर्तुगालच्या मजुरांनी आधीच दाखवून दिले आहे.

जस्ताची कहाणी गावातील वेल्डिंगच्या दुकानात पाहायला मिळते. गोठ्याचा सांगाडा किंवा फाटक बनवताना जस्ताचा मुलामा दिलेले जी.आय. पाइप जोडले जातात. त्या पांढऱ्या धुरात झिंक ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण असतात. काम संपल्यावर काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, खोकला व तोंडात धातूची चव जाणवते. एक-दोन दिवसांत सारे ओसरते. याला धातुधूर-ज्वर म्हणतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी असे पाइप-पत्रे जोडणाऱ्या स्वयंसेवकांच्या फुफ्फुसांतील द्रव तपासला, तेव्हा प्रथम टीएनएफ वाढलेला दिसला, मग इंटरल्यूकिने, आणि दुसऱ्या दिवशी न्यूट्रोफिल पेशींची गर्दी. प्रयोगशाळेत उलगडलेली संदेशशृंखला माणसाच्या श्वासात जशीच्या तशी आढळली. रोज हे काम करणाऱ्याला काही दिवसांत ताप येईनासा होतो, मात्र सुटीनंतर पुन्हा येतो. ताप येत नाही म्हणजे शरीर निर्धास्त झाले, असा अर्थ काढू नये. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये निश्चित केले आहे.

धुळीत काम केल्यावर गूळ खाण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रातील प्रयोगांत गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून धूलिकण हलवले जाण्याची क्रिया वाढल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. निष्कर्ष रंजक आहे, पण तो उंदरांवरचा आहे. मुखवट्याची जागा गूळ घेऊ शकत नाही.

शिवारात काय करावे?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक कुटुंबांचे कर्ते माणूस हिरावले. ती कीटकनाशकांची तीव्र विषबाधा होती. तिची लक्षणे तासांत दिसली. धातुकणांचा दाह त्याहून मूक असतो. मात्र दोहोंपासून बचाव करण्याच्या सवयी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत.

१. कोरडी भुकटी हाताळण्याचा टप्पा सर्वांत जोखमीचा समजावा. मोरचूद कुटताना, चुना विरवताना किंवा भुकटीचे पाकीट उघडताना वाऱ्याकडे पाठ ठेवावी, बंद खोलीत हे काम करू नये. पर्याय असल्यास भुकटीऐवजी पातळ स्वरूपातील उत्पादन निवडावे.

२. फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वारा मंद असताना करावी. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चालू नये; फवारलेला पट्टा नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला राहील अशा रीतीने पुढे सरकावे.

३. झिजलेले नोझल बदलावे आणि शिफारशीपेक्षा अधिक दाब देऊ नये. दाब वाढला की बारीक थेंबांचे प्रमाण वाढते.

४. सुपारीसारख्या उंच पिकात फवारा डोक्यावरून खाली येतो. तेथे श्वसनसंरक्षणाबरोबरच डोळ्यांवर चष्मा आणि रुंद काठाची टोपी आवश्यक आहे. लांब दांडीने जमिनीवरून फवारणाऱ्यालाही हेच लागू आहे.

५. गमछा किंवा उपरणे तोंडाला बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ किंवा भारतीय मानक ९४७३ नुसार एफएफपी-२ श्रेणीचा मुखवटा वापरावा. अतिसूक्ष्म कण जाळीच्या छिद्रांतून निसटून जातील, ही समजूत बरोबर नाही. नॅनोकण हवेच्या रेणूंच्या धडकांनी सैरभैर हालतात आणि गाळणीच्या तंतूंना चिकटतात. खरी गळती चेहरा आणि मुखवटा यांमधील फटीतून होते. वाढलेल्या दाढीवर मुखवटा घट्ट बसत नाही. घामाने किंवा फवाऱ्याने भिजलेला मुखवटा बदलावा.

६. एन-९५ मुखवटा कणांसाठी आहे, वाफांसाठी नाही. धातुयुक्त उत्पादनाबरोबर कीटकनाशक मिसळले असेल, तर लेबलावर सांगितलेले वाफरोधक संरक्षण वापरावे. लेबलावर परवानगी नसलेली मिश्रणे टाळावीत.

७. जी.आय. पाइपचे वेल्डिंग उघड्यावर करावे, जोडाच्या जागेवरील जस्ताचा थर आधी काढून टाकावा आणि धुराच्या वर तोंड आणू नये. थर घासतानाही मुखवटा असावा.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

नॅनो-कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यामुळे ‘नॅनो’ असे छापलेल्या प्रत्येक बाटलीबाबत कार्यकर्त्याने काही साधे प्रश्न विचारावेत: हे उत्पादन नोंदणीकृत आहे काय, त्यात कोणता धातू आहे, तो पातळ स्वरूपात आहे की भुकटीत, आणि फवारणीकाराच्या संरक्षणाबाबत लेबलावर काय लिहिले आहे? या प्रश्नांची उत्तरे न देणारी बाटली प्रात्यक्षिकाच्या शेतात आणू नये.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्रा आणि वेळ यांइतकेच महत्त्व मुखवटा लावण्याच्या पद्धतीला द्यावे. कार्यकर्ता स्वतः उघड्या तोंडाने पंप चालवत असेल, तर त्याने दिलेल्या सूचना शेतकऱ्याच्या मनात रुजणार नाहीत. हंगामभर फवारणीचे काम करणाऱ्या मजुरांकडे विशेष लक्ष हवे; बागायतदार वर्षातून काही दिवस फवारतो, तर मजूर बागेमागून बाग फिरत असतो. म्हणून संरक्षक साधनांचा खर्च मजुरीतून कापला जाऊ नये, हेही बागायतदारांना पटवून द्यावे.

फवारणीनंतर त्याच रात्री ताप-थंडी येणे, लांबलेला कोरडा खोकला, किंवा पूर्वी सहज होणाऱ्या श्रमात धाप लागणे, ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. डॉक्टरांकडे जाताना वापरलेल्या उत्पादनाचे लेबल आणि फवारणीच्या तारखांची नोंद बरोबर न्यावी. खोकल्याचे मूळ शेतातील कामात असू शकते, हे सांगितल्याविना ते कळणे अवघड असते. पोर्तुगालमधील त्या दोन मजुरांचे निदान झाले, कारण त्यांच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाबरोबर त्यांच्या कामाचीही चौकशी केली. भारतातील प्रत्येक फवारणीकाराच्या बाबतीत ती चौकशी व्हावी, आणि ती करण्याची वेळच येऊ नये इतकी दक्षता पंप पाठीवर घेण्यापूर्वी घेतली जावी.